होआ बिन्हला जाताय? आधी पाणी किती आहे ते विचारा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पाच रात्री हनोईत आहात. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, नऊ वर्षांचा मुलगा, आणि सासूबाई कडक शाकाहारी. हालाँगच्या समुद्री उपसागरात बोटींची जत्रा असते असं ऐकल्यामुळे तुम्ही विचारताय की त्याऐवजी होआ बिन्ह सरोवर बघितलं तर चालेल का, कारण त्याला ‘जमिनीवरचं हालाँग’ म्हणतात असं कुठेतरी वाचलंय. मी पंधरा वर्षं मराठी गट घेऊन उत्तर व्हिएतनामात फिरते आहे. होआ बिन्हला बऱ्याचदा गेले, दोनदा तोंडघशीही पडले. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

जरूर जा. पण हालाँगच्या बदली म्हणून जाऊ नका.

व्हिएतनाममध्ये पाण्यात दोन डोंगर दिसले की त्याला जमिनीवरचं हालाँग म्हणायची पद्धत आहे. आपण नाही का तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणत, तसंच. निन्ह बिन्हला म्हणतात, थाक बा सरोवराला म्हणतात, होआ बिन्हलाही म्हणतात. हालाँगला समुद्रातून चुनखडीचे सुळके सरळ उभे राहतात. ते दृश्य इथे मिळणार नाही. इथे आहे ते बुडालेलं खोरं. पाण्यावर दिसणारी बेटं म्हणजे एकेकाळच्या टेकड्यांचे माथे. उतारावर बांबू, मका, कसावा, मधूनच खांबांवरची लाकडी घरं आणि काठाला माशांचे तरंगते पिंजरे. काही ठिकाणी चुनखडीचे कडे आहेत, गुहाही आहेत, पण एकूण चेहरा शांत, हिरवा, थोडा झोपाळू. बामणोलीच्या काठावर बसून ज्याला कंटाळा येत नाही त्याला हे सरोवर आवडतं. ज्याला दर पंधरा मिनिटांनी ‘पुढे काय?’ हवं असतं, त्याला नाही.

आता मुख्य गोष्ट. हे सरोवर म्हणजे धरणाचा जलाशय आहे आणि इथे काय दिसेल हे पाण्याच्या पातळीवर ठरतं. दा नदी लाल नदीची सर्वांत मोठी उपनदी. तिच्यावर होआ बिन्ह शहराच्या डोक्यावर हे धरण आहे. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून ११७ मीटर, आणि मृतसाठ्याची पातळी ८० मीटर. म्हणजे एकाच वर्षात पाणी कितीतरी मजले खाली-वर होऊ शकतं. तुम्ही इंटरनेटवर जे निळं, काठोकाठ भरलेलं सरोवर बघितलंय ते वर्षातल्या काही महिन्यांचंच चित्र आहे.

त्याचं गणित असं. जून ते सप्टेंबर पुराचा हंगाम. हनोई वाचवायची तर धरणात जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणून त्या काळात मुद्दाम पाणी खाली राखतात. हंगाम सरत आला की भरायला सुरुवात होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरात सरोवर भरलेलं असतं, गाळ बसलेला असतो आणि हवा कोरडी असते. जानेवारी-फेब्रुवारीत खालच्या खोऱ्यातल्या भातलावणीसाठी ठरवून पाणी सोडतात. तिथून वीज आणि शेती दोन्हींसाठी पाणी उतरत जातं आणि मे-जूनला काठ उघडे पडतात. २०२३ च्या जूनमध्ये तर पावसानं इतकी ओढ दिली की उत्तर व्हिएतनामातली बरीचशी मोठी जलाशयं मृतसाठ्याला टेकली आणि लोकांनी आठवडेच्या आठवडे वीजकपात सोसली.

माझी पहिली फजिती अशाच एका जूनमधली. हनोईच्या एका एजंटानं ‘बाराही महिने सुंदर’ म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला. धक्क्यापासून पाणी इतकं खाली गेलेलं की आमच्या काकवा चपला हातात घेऊन लाल चिखलातून फळीपर्यंत गेल्या, आणि सगळ्या काठांवर पाण्याच्या जुन्या रेषांचा तपकिरी पट्टा. संध्याकाळी एक आजोबा म्हणाले, “बाई, हे आमच्याकडे उजनीला फुकट दिसतं.” काय बोलणार? तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी एकच प्रश्न विचारते, आज पाणी किती आहे. बोटवाल्याला ते बरोबर माहीत असतं. तुमची वेळ मात्र उत्तम आहे, नोव्हेंबरसारखा महिना नाही.

धरणाबद्दल थोडं ऐकून ठेवा, कारण त्याशिवाय हे ठिकाण नुसतं पाणी वाटेल. १९७१ च्या ऑगस्टमध्ये लाल नदीला प्रचंड पूर आला, मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. देशात युद्ध चालू होतं. युद्ध संपल्यावर सोव्हिएत मदतीनं ६ नोव्हेंबर १९७९ ला हे धरण बांधायला घेतलं, आणि २० डिसेंबर १९९४ ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं. १२८ मीटर उंचीचं दगडमातीचं धरण, डोंगराच्या पोटात खोदलेलं वीजघर, मूळचे २४० मेगावॉटचे आठ संच, मिळून १,९२० मेगावॉट. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० होतात, तेव्हा विजेच्या मूळ क्षमतेत दोघी जवळजवळ बरोबरीच्या. पाण्यात मात्र नाही. होआ बिन्हचा साठा ९४५ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ३३४ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एखादे काका गटात असले की हा आकडा सांगितल्यावर त्यांची मान हलायची थांबत नाही. वरच्या अंगाला २०१२ मध्ये २,४०० मेगावॉटचं सोन ला पूर्ण होईपर्यंत आग्नेय आशियातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र हेच होतं. आणि १९९४ च्या मे महिन्यात चालू झालेली १,४८७ किलोमीटरची ५०० केव्ही वीजवाहिनी इथूनच निघाली. उत्तरेची वीज तिनंच पार हो ची मिन्ह शहरापर्यंत नेली.

या बांधकामात १६८ माणसं गेली, त्यांत ११ सोव्हिएत. त्यांचं स्मारक धरणाजवळ आहे. वरच्या टेकडीवर हो ची मिन्ह यांचा १८ मीटर उंचीचा पुतळा आहे. तिथून धरण, सांडवा, शहर आणि सरोवर एका नजरेत येतं. वर गाडी जाते, त्यामुळे सासू-सासऱ्यांना अडचण नाही. वीजघरात शिरायला परवानगी लागते. हनोईच्या टूरवाल्याकडून आधी पासपोर्टची माहिती पाठवली तर कधी मिळते, कधी नाही. मुलाला कबूल करून ठेवू नका.

मुलाला दाखवायची खरी वस्तू वेगळीच आहे. धरणाच्या आवारात काँक्रीटचा सुमारे दहा टनांचा एक ठोकळा आहे. त्याच्या पोटात धरण बांधणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांना लिहिलेलं पत्र १९८३ मध्ये बंद करून ठेवलंय. वर कोरलंय, हे पत्र १ जानेवारी २१०० ला उघडावं. गटातली मोठी माणसं फोटो काढून पुढे जातात, पण मुलं तिथेच थांबून बोटांवर हिशोब करत बसतात. तुमचा मुलगा तेव्हा ऐंशी ओलांडलेला असेल.

आता सरोवराकडे. हनोईपासून होआ बिन्ह शहर साधारण ७५ किलोमीटर, रस्ता चांगला, दीड ते दोन तास. तिथून सहा क्रमांकाच्या महामार्गानं पुढे, मग वळणावळणाच्या रस्त्यानं थुंग नायच्या धक्क्यावर उतरायचं. धरणाजवळूनही बोटी सुटतात, पण तिथून बघण्यासारखी ठिकाणं लांब पडतात आणि नुसत्या इंजिनाच्या धडधडाटात दोन तास जातात. वडीलधारी बरोबर असताना थुंग नाय बरं. एक सांगून ठेवते: १ जुलै २०२५ पासून होआ बिन्ह हा वेगळा प्रांत राहिला नाही, तो फू थो प्रांतात विलीन झाला. बुकिंगच्या पत्त्यावर फू थो दिसलं तर घाबरू नका, तुम्हाला दुसरीकडे पाठवलेलं नाही.

बोट माणशी नसते, अख्खी ठरवायची असते. भाव धक्क्यावर नव्हे, आदल्या दिवशी फोनवर, हॉटेलच्या माणसाकडून ठरवून घ्या, आणि कुठे कुठे थांबणार ते लिहून घ्या. सुरक्षिततेची काळजी वाटत असेल तर ते योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये हालाँगला अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि तीसहून जास्त माणसं गेली. नोव्हेंबरात तशी वादळं सहसा नसतात आणि सरोवराचं पाणीही संथ असतं, पण लाइफ जॅकेट अंगात, नुसतं शेजारी नव्हे. लहान मुलाच्या मापाचं आहे का ते चढण्याआधी बघा. नसलं तर बोट बदला, संकोच करू नका. चढताना-उतरताना एक अरुंद फळी असते. सासूबाईंना साडी नको, पंजाबी ड्रेस बरा.

या सरोवरातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण थाक बोचं देऊळ. थाक म्हणजे धबधबा किंवा नदीतली खळाळती उतरण. धरण होण्यापूर्वी दा नदीवरचा हा टप्पा नावाड्यांना धडकी भरवणारा होता. पंधराव्या शतकात राजा ले लोय वायव्येकडचं बंड मोडायला इथून गेला, तेव्हा दिन्ह थी वान नावाच्या मुओंग जमातीतल्या एका स्त्रीनं धान्य आणि नावा देऊन सैन्याला उतरण पार करून दिली अशी इथली श्रद्धा. तिच्याबरोबर एका झाओ जमातीतल्या स्त्रीचंही नाव घेतात. मेल्यावर लोकांनी देवळं बांधली आणि दिन्ह थी वान ‘थाक बोची स्वामिनी’ झाली. परत येताना १४३२ मध्ये राजानं इथल्या कड्यावर स्वतःची कविता कोरवली होती. पाणी चढण्याआधी तो शिलालेख कड्यातून कापून शहरात आणून ठेवला. खळाळ गेला, कडा गेला, मूळ देवळाची जागाही गेली. देऊळ वर चढलं.

आज समोरासमोरच्या काठांवर तिची दोन देवळं आहेत. बोटवाले बहुधा दोन्हीकडे नेतात. ही पूजा व्हिएतनामच्या मातृदेवतांच्या पंथातली आहे. युनेस्कोनं २०१६ मध्ये या पंथाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. रेशमी वस्त्रं, उदबत्त्यांचा धूर, कागदाच्या होड्या-घोड्यांचे नैवेद्य, फळांच्या राशी, आणि नशीब असलं तर एखादं ‘अंगात येणं’. वाद्यं वाजत असतात, अंगात आलेली व्यक्ती एकामागून एक वेष बदलते आणि भक्तांना प्रसाद, नोटा वाटते. आमच्या गटातल्या कोल्हापूरच्या बायकांना हे काय चाललंय ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, “गप, बघू दे.” मोठी यात्रा चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात सातव्या तिथीला सुरू होते. बहुतेक वर्षी ती आपल्या रथसप्तमीलाच येते. तेव्हा हनोईची सगळी गर्दी इथे लोटते. सरोवराची शांतता हवी असेल तर टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, संपल्यानंतरचे दोन महिने टाळा. आणि श्रद्धेची गंमत बघायची असेल तर नेमके तेव्हाच जा, ढगाळ हवा आणि भुरभुर पाऊस सोसून.

देवळाला पायऱ्या आहेत. किती, हे मी सांगणार नाही, कारण बोट कुठे लागते त्यावर ते अवलंबून. सरोवर भरलेलं असलं तर बोट वर लागते, चढ थोडा. पाणी उतरलं की तेवढ्या पायऱ्या वाढतात. नोव्हेंबरात सासरे हळूहळू चढतील. गुडघे फारच दुखत असतील तर त्यांना बोटीतच बसवा, तिथून दिसणारं पाणी काही कमी देखणं नाही. जवळच थाक बोची गुहा आहे, लवणस्तंभ आहेत, रंगीत दिवे लावलेत. ते दिवे मला आवडत नाहीत, मुलांना आवडतात. वेळ कमी पडला तर गुहा सोडा.

जेवणाचं. काठावरचे लोक मुख्यतः मुओंग. त्यांची भाषा व्हिएतनामीची जवळची बहीण. त्यांची खास मेजवानी केळीच्या पानावर वाढतात, त्यामुळे पान बघून सासूबाई खूष होतील आणि पानावरचं बघून नाराज: सगळं डुकराचं मांस. बाकीच्यांनी दा नदीचा मासा निखाऱ्यावर भाजलेला खा, बांबूच्या कामट्यांत अडकवून देतात. शाकाहारी माणसासाठी दोन शब्द पाठ करा, ‘अन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते. उच्चार हिंदीतल्या ‘चाय’सारखाच, आणि त्यावरून एकदा आमच्या काकांना खरंच चहा विचारला गेलाय, गाइड मराठी शिकत होता. पण तेवढ्यानं भागत नाही. भाजीत माशाचा रस घालतात आणि तो त्यांना मांसाहार वाटत नाही. म्हणून पुढे ‘खोंग नुओक माम’ जोडा, माशाचा रस नको. मग काय मिळतं? वाफवलेल्या रानभाज्या, थोड्या कडू, बांबूचे कोंब, आणि बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात. तो भात तीळ, दाणे आणि मीठ कुटून केलेल्या कोरड्या चटणीत बुडवून खातात. सासूबाईंना सांगा, तिळाची आणि दाण्याची चटणी एकत्र केली तर जी होईल ती. माझ्या गटातल्या एकीनं ती पुडीत बांधून पुण्याला नेली.

रात्री राहावं का? एका दिवसात धरण, थाक बो आणि परत हनोई हे होतं. पण दुपारी चारनंतर दिवसाच्या बोटी गेल्या की सरोवर पालटतं, आणि ते बघायचं तर राहायला हवं. पलीकडच्या दा बाक भागात, हिएन लुओंग आणि दा बिया या वस्त्यांकडे, मुओंग कुटुंबांनी आपल्याच खांबांवरच्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. घर स्वच्छ, गाद्या जमिनीवर अंथरलेल्या, वर मच्छरदाणी. जिना उभा असतो आणि स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी खाली, घराबाहेर. सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठायचं असेल तर हे त्रासाचं होतं. खालच्या मजल्यावर पलंगाची खोली आहे का ते विचारा, काही ठिकाणी आता केल्या आहेत. नसेल तर तासा-दीड तासावरच्या माय चाऊच्या खोऱ्यात हॉटेल घ्या. तिथे श्वेत थाई जमातीची गावं आणि सपाट भातखाचरं आहेत, सायकली मिळतात, आणि वाटेत थुंग खेचा पांढऱ्या दगडाचा घाट लागतो. तुमच्या कुटुंबासाठी मी हेच ठरवलं असतं: सकाळी धरण, दुपारी थाक बो, रात्री माय चाऊ, दुसऱ्या दिवशी रमतगमत हनोई.

दा बिया-हिएन लुओंगकडे तुम्ही दोघं पुन्हा कधी एकटेच या. मडक्यात आंबवलेल्या भाताची दारू सगळे मिळून लांब वेताच्या नळ्यांनी ओढतात. ती नसली तरी चालेल, पण रात्री ओसरीवर बसा. एका घरात यजमानांची आई, माझ्या आईच्या वयाची, अंधारात पाण्याकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मुलगा भाषांतर करायला टाळत होता. शेवटी म्हणाला, “त्या तिथे, बेटाच्या अलीकडे, आमचं शेत होतं. पाणी चढलं तसे आम्ही वर गेलो. मग अजून चढलं, अजून वर गेलो.” धरणासाठी या खोऱ्यातली पन्नास हजारांहून जास्त माणसं हलली. बरीच दूर गेली नाहीत, त्याच डोंगराच्या वरच्या उतारावर सरकली, काहींना तर एकापेक्षा जास्त वेळा घर उचलावं लागलं. चांगली खाचरं खाली राहिली, वर मक्याची उताराची जमीन आली. पुढे पिंजऱ्यातले मासे आले, आणि आता आपण आलो. माझं आजोळ कोयनेकाठचं, त्यामुळे मला पुढचं विचारायचं नव्हतं. मी त्या आजींना फक्त नाव विचारलं शेताचं. शेताला नाव होतं.

थोडं उरलेलं. हालाँग पूर्ण सोडू नका असं माझं मत, एक दिवस तिकडे द्या; पाच रात्रींत दोन्ही बसतं. पुढे ‘सापा’ या डोंगरातल्या गावी जायचा विचार असेल तर वाटेवर थाक बा आहे. १९७१ मध्ये चालू झालेलं उत्तरेतलं जुनं जलविद्युत धरण, बेटं पुष्कळ, पर्यटक कमी. पण या खेपेला दोन जलाशय नकोत, मुलगा बंड करेल. शनिवार-रविवार टाळा, हनोईची कुटुंबं येतात आणि बोटींवर कराओके चालू होतं. त्या आवाजाला सरोवराचे सगळे डोंगर प्रतिसाद देतात. सकाळी धुकं असतं, दहाच्या आधी बोट काढून फोटो पांढरे येतात. एक पातळ स्वेटर प्रत्येकी. रोख डाँग जवळ ठेवा, देवळाच्या पायथ्याशी आणि बोटवाल्याकडे तेच चालतं.

आणि महामार्गावर काओ फोंगची संत्री नुकती सुरू झालेली असतील, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग लावून बसतात. सासरे नागपूरकडचे असतील तर वाद होणार हे धरून चाला. चाखून घ्या, आणि परतीच्या वाटेवर घ्या.